क्रियापद शेवटी

माझा स्वभाव तिखट आहे, हे मी नाकारत नाही. महाडला आमच्या कॉलेजात नवीन माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगतात. कँटीनमधला दुपारचा चहा पिऊ नये आणि उज्वला मॅडमच्या खोलीत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. यातली चहाची गोष्ट खोटी आहे.

माझी खोली म्हणजे सर्व्हरची खोली. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. निकाल, प्रयोगांचे अहवाल, प्राध्यापकांचे वर्षानुवर्षं अर्धवट राहिलेले प्रबंध, सगळं तिथल्या एका मशीनमध्ये साठतं. आधी ते तळमजल्यावर होतं. त्या जुलैच्या महापुरात पाणी छातीपर्यंत चढलं, तेव्हा मी आणि शिपाई काशीराम अशा दोघांनी त्यातल्या डिस्क भाताच्या गोणीत बांधून डोक्यावरून वर नेल्या. मशीन गेलं, कपाटं गेली, माझ्या चपला गेल्या, पण एकाही पोराचा निकाल गेला नाही. नवीन मशीन मी तिसऱ्या मजल्यावर उभं केलं आणि त्या दिवसापासून त्याला कुणाला म्हणून हात लावू दिला नाही. माझ्याबरोबर गोणी धरणाऱ्या काशीरामलाही नाही.

अशा मशीनवर एक सर्वाधिकारी खातं असतं, त्याला रूट म्हणतात. रूटला सगळं करता येतं. बाकीचे साधे वापरकर्ते, त्यांनी आपापल्या कप्प्यात काम करायचं आणि गप्प बसायचं. खाती मी सगळ्यांची काढून दिली होती, अगदी शिपाई आणि माळ्यासकट, पण रूटचा पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. कुणाची फाइल पुसली गेली, कुणाला परवाची प्रत हवी झाली, कुणाला स्नॅपशॉट काढून हवा असला, तर माझ्याकडे अर्ज करायचा. स्नॅपशॉट म्हणजे कप्प्यात आत्ता जे जसं आहे ते तसंच्या तसं गोठवून ठेवायचं. पुढे काही बिघडलं तर त्या क्षणावर परत जाता येतं, त्याला रोलबॅक म्हणतात. अर्ज दोन प्रतींत. दाराच्या आत एक पिवळी रेघ मी मारून घेतली होती, माणसाने तिच्याबाहेर उभं राहायचं, पेनड्राइव्ह असलेला हात पुढे करायचा आणि थांबायचं.

कामात चूक नव्हती, हे मात्र कुणीही सांगेल. फक्त मला एक दिवस म्हणून सुटी घेता येत नव्हती, आणि म्हणून माझ्या आईचे गुडघे तीन वर्षं दुखत राहिले.

माझी आई येसूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. डॉक्टर, गोळ्या, पट्टे, सगळं झालं होतं. तिचा भरवसा होता तो सवच्या गरम पाण्यावर. सव महाडपासून लांब नाही, पण तिचा नेम कडक. थंडीत सलग एकवीस दिवस, सकाळी काही न खाता कुंडात उतरायचं, पाण्यातून निघाल्यावर वाऱ्यात जायचं नाही, म्हणून मुक्काम तिथेच, जानकीमावशीच्या घरी. कुंडाच्या पायऱ्या उतरताना हात धरायला मी. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नाही. आणि मध्ये एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून. पहिल्या वर्षी आम्ही चार दिवसांपर्यंत पोचलो, दुसऱ्या वर्षी नऊ, तिसऱ्या वर्षी दोन. दर वेळी कॉलेजातून फोन यायचा आणि मी रिक्षात बसायची. मशीन कॉलेजबाहेरून उघडता येऊ नये असा बंदोबस्तही मीच केला होता ना.

तिसऱ्या वर्षी परत येताना आई रिक्षात एवढंच म्हणाली, "दोन तर दोन. नायपेक्षा बरं हाय." ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी रिक्षावाल्याशी खड्ड्यांवरून भांडले.

यंदा दिवाळीनंतर तिला दवाखान्यात दाखवून परत येत होतो. कॉलेजात मला पाच मिनिटांचं काम होतं, म्हणून तिला धरून धरून वर आणलं आणि माझ्या खोलीत स्टुलावर बसवलं. तेवढ्यात भूगोलाचे विनीत सर दारात आले. ते आणि त्यांची मुलं पोलादपूरच्या डोंगरातल्या बेचाळीस वाड्यांचा नकाशा करत होते. जमिनीला भेग कुठे पडलीय, झरा कुठे सरकलाय, पावसात दरड आली तर माणसांनी कुठल्या वाटेने बाहेर पडायचं, हे सगळं पायी फिरून लिहून आणायचं आणि मशीनमध्ये भरायचं. पावसाळ्याआधी तो नकाशा तहसील कार्यालयात द्यायचा होता. सरांना त्याची गेल्या आठवड्याची प्रत हवी होती. ते रेघेबाहेर उभे राहिले, अर्ज दिला, हात पुढे केला. मी पेनड्राइव्ह घेतला, प्रत काढली आणि वरच्या वर त्यांच्या तळहातावर टाकली. सर "थँक्यू मॅडम" म्हणून गेले.

"त्यो मास्तर भाईर का हुबा राह्यला गो?" आईने विचारलं.

"आत यायची परवानगी नाही कुणाला."

"आत काय हाय एवढं?"

मला तिला समजावून सांगायला आवडतं. मी सांगितलं की सगळ्या डिस्क एकत्र जोडून त्यांचा एक मोठा साठा केलाय, त्याला आमच्या भाषेत पूल म्हणतात, म्हणजे तळं. जगभरचे लोक त्याचं नाव टँक ठेवतात, कारण पुस्तकातल्या उदाहरणात तेच लिहिलेलं असतं. आता महाडमध्ये राहून टाकी कशाला? मी नाव ठेवलं चवदार. हे सांगताना मला दर वेळी हसू येतं, तेव्हाही आलं.

आई हसली नाही. तिचे वडील रामजी त्या तळ्यावर गेलेल्यांपैकी होते, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. आमच्या घरात ती गोष्ट कुणी मोठ्या आवाजात सांगत नाही, कारण सगळ्यांना पाठ आहे.

"म्हंजे तळं चवदार," आई म्हणाली, "नि लोकं काठावर हुबी. नि तू वरनं वततेस."

एवढं बोलून तिने कमरेची पिशवी उघडली आणि बडीशेप खात बसली. माझी आई वाद घालत नाही. एक वाक्य टाकते आणि मोकळी होते.

मी चिडले. घरी जाईपर्यंत चिडलेलीच होते. ते पाणी होतं आणि ही मशीन आहे, पाणी प्यायल्याने कुणी तळं पुसून टाकत नाही, लोकांच्या हातात किल्ली दिली तर सहा महिन्यांत कॉलेज उघडं पडेल, असं सगळं मी तिला ऐकवलं. ती "बरं" म्हणाली. तिच्या त्या "बरं"ने माझे दोन दिवस खराब केले. भाजी करपली, एका प्राध्यापकाचा अर्ज मी फाडून टाकला आणि मग त्यालाच पुन्हा बोलावून प्रत दिली.

तिसऱ्या दिवशी मी मॅन्युअल उघडलं. खरं तर त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, अकरा वर्षं मी त्या पानाकडे दुर्लक्ष करत होते. आमच्या साठ्याच्या व्यवस्थेत अलाउ नावाची एक आज्ञा आहे. तिने रूटचा पासवर्ड न देता साध्या वापरकर्त्याला मोजके अधिकार देता येतात. हा कप्पा, हा माणूस, एवढंच काम. स्नॅपशॉट काढू दे पण पुसू देऊ नको, असंही चालतं. म्हणजे सगळी किल्ली द्यायची किंवा काहीच द्यायचं नाही, हे जे मी अकरा वर्षं लोकांना सांगत आले, ते खोटं होतं.

मी तेजश्रीला बोलावलं. तेजश्री आमची लॅब असिस्टंट, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. तिची वाडी त्या बेचाळीसांत होती. चार वर्षं ती माझ्या हाताखाली काम करत होती आणि या चार वर्षांत मी तिला कीबोर्ड पुसण्यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, तर ती रेघेपाशीच थांबली.

"आत ये की," मी म्हटलं.

"चपला काढू का मॅडम?"

"काढू नको. ये."

आठ दिवस आम्ही एका रिकाम्या कप्प्यावर सराव केला. पहिल्यांदा मी तिला स्नॅपशॉट आणि रोलबॅक असे दोनच अधिकार दिले. स्नॅपशॉट निघाला, पण मागे जाताना मशीन अडलं. मी हातातलं पेन आपटलं. तेजश्री मात्र शांतपणे मॅन्युअल वाचत होती. "मॅडम, मागे जायचं तर कप्पा काढून पुन्हा जोडावा लागतो. म्हणून माउंटचाही अधिकार लागतो. इथे लिहिलंय," ती म्हणाली. खरंच लिहिलेलं होतं. मी ते पान कैक वेळा वाचलं होतं आणि ती ओळ माझ्या डोळ्यांखालून निसटली होती. मला तिचं कौतुक वाटलं आणि रागही आला. कौतुक जरा जास्त होतं.

सवला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी खरा अधिकार दिला. चूक नको म्हणून आधी वहीत लिहून घेतलं: तेजश्रीला भूगोलाच्या कप्प्यावर स्नॅपशॉट, रोलबॅक, माउंट अलाउ. मग वहीत बघत बघत टाइप केलं आणि एंटर दाबलं. मशीन काही बोललं नाही. आमच्या धंद्यात मशीन गप्प राहिलं म्हणजे सगळं ठीक, असं धरतात. पुसायचा अधिकार मी दिला नव्हता. दर शनिवारी एक स्नॅपशॉट काढायचा, एवढं तिला बजावलं, आणि मंगळवारी सकाळी आईला घेऊन सवला गेले.

पहिला आठवडा मी फोन हातातून सोडला नाही. आई पाण्यात, मी पायरीवर, एका हातात तिचा हात आणि दुसऱ्या हातात फोन. फोन वाजत नव्हता. तो वाजत नाही म्हणून मी अस्वस्थ. जानकीमावशी म्हणायची, "बंद पडला असंल गो तुजा." मी बाहेर जाऊन मावशीच्या फोनवरून मला फोन लावून बघितला. चालू होता.

दहावा दिवस उजाडला तेव्हा आईने सकाळी उठल्याबरोबर "धा" असं म्हटलं. आम्ही यापूर्वी कधी दहाला पोचलो नव्हतो. अकराव्या दिवशी ती पायरी उतरताना माझा हात जरा सैल धरतेय असं वाटलं. चौदाव्या दिवशी कुंडातून निघून ती स्वतःच्या पायाने मावशीच्या ओटीपर्यंत चालत आली आणि दोन्ही म्हाताऱ्या तिथे बसून कुणाकुणाची लग्नं कशी ठरली यावर तासभर हसत होत्या. मला बरं वाटत होतं. मावशीकडे तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुकट. मी तिथे खाऊन सुस्त झाले होते.

सतराव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी साडेआठला फोन वाजला. आई उपाशी, डोक्याला फडकं बांधून ओटीवर तयार बसली होती. मी तिच्यासाठी कोरडं लुगडं पिशवीत भरत होते.

"मॅडम, तेजश्री बोलतेय."

"काय उडालं?"

"नकाशा. विनीत सरांनी सकाळी जुना फोल्डर नव्यावर ओढला. मशीनने विचारलं सगळं बदलू का, तर त्यांनी हो म्हटलं. बेचाळीस वाड्या गेल्या."

मी पिशवी खाली टाकली. पदर खोचला, चपला शोधायला लागले. आईने माझ्याकडे बघितलं आणि डोक्याचं फडकं सोडायला घेतलं.

"मी येते," मी फोनमध्ये म्हटलं. "कशाला हात लावू नको."

"लावला मॅडम. म्हणजे, झालं. मागे नेलं. सगळं परत आलं. फक्त आज सकाळची पंधरा मिनिटं गेली. तुम्हाला सांगावं म्हणून फोन केला."

ती विचारायला नाही, सांगायला फोन करत होती, हे कळायला मला जरा वेळ लागला. मग माझ्यातली रूट जागी झाली.

"पंधरा मिनिटं कशी? तू शनिवारी स्नॅपशॉट काढतेस. म्हणजे सोमवार ते बुधवार मुलं डोंगरात फिरून जे घेऊन आली ते गेलं असणार."

"नाही मॅडम. काल संध्याकाळचा होता."

"काल कुणी काढला?"

"काशीरामकाकांनी."

"त्यांना अधिकार कुणी दिला?"

"मी दिला."

"आणि दुसऱ्याला अधिकार द्यायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"तुम्हीच दिलात ना मॅडम," तेजश्री म्हणाली. तिचा आवाज इतका सरळ होता की मला ओरडता येईना. "तुम्ही दिलेल्या यादीत चार होते. स्नॅपशॉट, रोलबॅक, माउंट, अलाउ. मला वाटलं तुम्ही मुद्दाम दिलंय."

मी फोन ठेवला आणि ओटीच्या कडेला बसले. वहीतलं वाक्य माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. मशीनच्या भाषेत ते आधीच येतं, ते मी आधी टाइप केलंच होतं. मग वहीत बघून यादी उतरवताना स्नॅपशॉट, रोलबॅक, माउंट, आणि शाळेपासूनच्या सवयीने शेवटी क्रियापदसुद्धा. अलाउ. इंग्रजीत विचार करणाऱ्या कुठल्याही माणसाच्या हातून हे झालं नसतं. आणि अलाउ हा स्वतःच एक अधिकार आहे. आपल्याकडे जो अधिकार आहे तो दुसऱ्याला देण्याचा अधिकार. व्याकरणाच्या नादात मी एका लॅब असिस्टंटला राज्य वाटायला बसवलं होतं.

माझ्या डोक्यात एकच होतं. आत्ताच्या आत्ता महाडला जायचं आणि तो चौथा अधिकार खोडायचा. मी पांडू रिक्षावाल्याला फोन लावला.

"वीर टेशनाला आलो हाय मॅडम, गाडीच्या पासिंजरान्ला घ्यायला. तासाभरानं येतो," पांडू म्हणाला.

"जातेस काय?" आईने विचारलं.

"जायला पाहिजे आई."

"जा. मी उद्यापासनं येक म्हणते." तिने फडक्याची घडी घालून मांडीवर ठेवली. रागावली नव्हती. रागावली असती तर सोपं झालं असतं.

मग तो तास. मी ओटीवर येरझाऱ्या घालत होते, आई उपाशी बसून होती, मावशी आतून मधूनमधून डोकावत होती. मी मनात धोके मोजायला घेतले. काशीरामकडे स्नॅपशॉटचा अधिकार आहे. स्नॅपशॉटने काय बिघडेल? त्याने काही पुसलं जात नाही. काही बदललंही जात नाही. जे आहे ते जपलं जातं, एवढंच. फार तर जागा भरेल, आणि जागा वर्षभर पुरेल एवढी होती. रोलबॅक त्याला दिलाय का? मी तेजश्रीला पुन्हा फोन केला. नाही, फक्त स्नॅपशॉट. "त्यांना तेवढंच पुरे होतं मॅडम," ती म्हणाली. मी असते तर मीही तेवढंच दिलं असतं. मी अर्धा तास धोका शोधत होते आणि तो सापडत नव्हता, आणि धोका सापडत नाही म्हणून मला आणखी राग येत होता.

आणखी एक गोष्ट मनात आली, ती सांगायला सोपी नाही. त्या पुरात गोणीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं काशीरामच्या. जिन्यात माझा पाय घसरला तेव्हा गोणी त्यानेच वर धरून ठेवली होती. मी लोकांना ती गोष्ट सांगताना "मी नेली" असं सांगत आले.

पांडूची रिक्षा दारात आली, हॉर्न वाजला. "चला मॅडम, महाड."

"कुंडावर चल," मी म्हटलं.

"कुंड ह्ये काय हाकेवर हाय. त्याला रिक्षा कशाला?"

"तू चल रे."

आईने फडकं पुन्हा डोक्याला बांधलं आणि माझा हात धरून रिक्षात चढली. बसल्यावर म्हणाली, "रिक्षा मिळत व्हती तर सोळा दिस चालत कशाला न्हेलंस गो?" पांडू मोठ्याने हसला. मीही हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

"सतरा," पाण्यात उतरताना आई म्हणाली.

एकविसावा दिवस सोमवारी झाला. त्या दिवशी मावशीने पुरणपोळी केली आणि आई पाटावर मांडी घालून बसली. मांडी घालून. जेवण होईपर्यंत तिचं त्याकडे लक्षही नव्हतं. मग एकदम खाली बघितलं, स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली आणि मावशीला म्हणाली, "बग गो जानकी." दोघी पुन्हा हसत सुटल्या. मला आनंद झाला, साधा, काही कुठे न टोचणारा आनंद. असा आनंद मला फार दिवसांनी झाला होता.

मंगळवारी मी कॉलेजात गेले. खोली झाडलेली होती. मी बसले आणि भूगोलाच्या कप्प्याची यादी काढली. तेजश्रीचे तीन शनिवार होते आणि त्यांच्या मधे मधे तेरा स्नॅपशॉट एकाखाली एक, प्रत्येकाच्या नावात आधी कुलूप हा शब्द आणि पुढे तारीख. तेजश्रीने काशीरामसाठी एका शब्दाची आज्ञा लिहून दिली होती. कुलूप असं टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. तिने सांगितलं की पहिल्या शनिवारी ती हे काम करत असताना काशीरामकाका दारात उभे होते. त्यांनी विचारलं, हे रोज का नाही करत? रोज कोण करणार, ती म्हणाली. तर ते म्हणाले, मी रोज कुलूप लावतोच की. आणि सोमवारपासून त्यांनी सुरुवात केली. खालच्या स्विचबोर्डाशेजारी पुठ्ठ्यावर त्याची संध्याकाळची यादी चिकटवलेली होती, ती मी जाऊन बघून आले. पंखे, दिवे, नळ, खिडक्या, कुलूप.

मी वर आले तेव्हा काशीराम दारात उभा होता. पाचाडचा माणूस, पन्नाशी पार केलेला, पावसाळ्यात अजूनही रजा काढून भात लावायला जाणारा. टोपी हातात घेऊन उभा होता. मी परत आलेय हे त्याला कळलं होतं आणि माझा स्वभावही त्याला माहीत होता. बोलणी खायला तयार होऊन आला होता बिचारा.

"मॅडम," तो म्हणाला, "येक चूक झाली हाय."

"कसली?"

"रविवारचं दोन नायत. कॉलेज बंद व्हतं नि माज्याकडं भाईरच्या फाटकाची चावी नाय. म्या फाटकापातुर येऊन गेलो दोन्ही रविवारी. यादीत दोन भोकं राह्यली."

पुरानंतर एवढी वर्षं मी या माणसाला मशीनजवळ फिरकू दिलं नव्हतं, आणि तो सुटीच्या दिवशी पाचाडहून येऊन बंद फाटकाला हात लावून परत गेला होता, त्याची माफी मागत होता. मी टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले.

"आत या, काशीरामभाऊ," मी म्हटलं. "बसा आधी."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. तेजश्री दाराशी येऊन थांबली. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी काय काढून घेणार याची ते वाट बघत असावेत.

"रविवारचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका," मी म्हटलं. "फाटकाची चावी माझ्याकडे असते. रविवारची पाळी माझी."

काशीरामने खिशातून पेन काढलं आणि पुठ्ठ्यावर तसं लिहायला तो खाली गेला.